मागे ठेवलेला तुकडा

डबा रिकामा होता.

धाकटीने झाकण लावलं, एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा उघडलं. जणू मधल्या वेळात डब्याला स्वतःचीच लाज वाटली असेल आणि त्याने तुकडा परत केला असेल! नाही. आत मेणकागदाचा चौकोन, त्यावर चॉकलेटचे चार कण. बस्स.

तिने फळीवर पाहिलं, फळीखाली पाहिलं, कोकोच्या पोत्यांमागे पाहिलं. थंड खोली एवढीशी, त्यात हरवायला जागा ती किती! पलीकडे कारखान्यात (दुकानामागच्या त्या लांबट खोलीला घरात सगळे कारखानाच म्हणत) तांब्याचं मोठं भांडं घासूनपुसून तयार होतं. नवी फरशी इतकी चकाकत होती की तिच्यावर पाय ठेवताना सगळे चोरासारखे चालत होते. फरशीच्या कामासाठी दुकान आठवडाभर बंद होतं. आज दुपारी उघडायचं होतं, आणि त्याआधी सगळं घर संगमरवरी ओट्याभोवती जमणार होतं. तेव्हा सासरे हा डबा उघडणार होते. सगळ्यांच्या देखत!

डब्यात असायचं ते विरजण. दह्याला लावतात तसंच, म्हणून पणजीने दिलेलं नाव. एका वेळच्या चॉकलेटचा घाणा झाला की त्यातला मुठीत मावेल एवढा तुकडा मागे ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वितळवलेलं चॉकलेट निवत आलं की तो त्यात टाकून घोटायचं. मग नवं चॉकलेट नीट बसतं, चकाकतं, मोडताना टक्कन वाजतं. ही युक्ती कुठल्याही चॉकलेटवाल्याला माहीत असते. पण या घरात ती युक्ती नव्हती, वंशावळ होती. आजच्या घाण्यात कालचा अंश, कालच्यात परवाचा, असं मागे मागे जात थेट पणजीच्या पहिल्या घाण्यापर्यंत. पणजोबांचं तेव्हा औषधाचं दुकान होतं. ते कोको विकायचे शक्तीची पूड म्हणून, कडूजहर, आणि गिऱ्हाइकं नाक दाबून प्यायची. पणजीने त्यात साखर घातली, ओट्यावर घोटलं, वड्या पाडल्या, आणि वर्षभरात औषधाच्या बाटल्या माळ्यावर गेल्या. टंचाईच्या काळात दुकानाला टाळं लागलं, तरी ती महिन्यातून एकदा मूठभर चॉकलेट करायची, फक्त विरजण जिवंत राहावं म्हणून. शेजारच्या गोदामाला आग लागली तेव्हा सासऱ्यांनी गल्ला तिथेच सोडला आणि डबा उचलून पळाले.

आणि हा डबा आपण रिकामा केला?

धाकटी आठवायचा प्रयत्न करू लागली. बंदच्या आदल्या संध्याकाळी गर्दी होती. दुकान बंद ठेवायचं असलं की कपाटं मोकळी करायची, शिळं विकायचं नाही, हा नियम. लोकांनी रांग लावून शेवटचा चुरासुद्धा नेला होता. त्या गडबडीत तिने तुकडा मोडला, कागदात ठेवला, झाकण लावलं. हे सगळं तिला दिसत होतं. पण ते त्या दिवसाचं होतं की त्याआधीच्या शेकडो दिवसांपैकी कुठल्या तरी एका दिवसाचं? कुलूप लावलं की नाही हे रस्त्यात आठवू पाहावं तसं झालं. हातांना सगळं येत होतं आणि त्यामुळेच डोक्याने काहीच टिपून ठेवलं नव्हतं.

"काय गं, साप निघाला का डब्यात?"

दारात मोठी जाऊ उभी होती, कमरेवर हात ठेवून. धाकटीने झाकण दाबलं, पण उशीर झाला होता.

"दाखव."

"काही नाही, ताई."

"काही नाही तर तुझं तोंड पिठासारखं का झालंय? दाखव म्हटलं ना!"

मोठीने आत डोकावलं. मग तिने दार आतून लोटलं. धाकटीला वाटलं, संपलं आता. कारण आज फक्त डबा उघडायचा नव्हता. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "दुकान उघडायच्या दिवशी मी घोटणार नाही. जो घोटेल, त्याचा ओटा." एका बाजूला धाकटी होती. नवऱ्याला गोडाचा तिटकारा, म्हणून तो दुसऱ्या गावी नोकरीला, आणि ही लग्न झाल्यापासून ओट्याशी. दुसऱ्या बाजूला थोरला, म्हणजे मोठीचा नवरा. त्याला यंत्र आणायचं होतं. यंत्राला विरजण लागत नाही, बटण लागतं.

"ताई, मी बहुतेक ठेवायलाच विसरले," धाकटी म्हणाली. "सांगा तुम्ही भाऊजींना. त्यांचं काम सोपं झालं."

"वेडी आहेस का?" मोठी खालच्या आवाजात ओरडली. हे तिलाच जमायचं. "यंत्र आणलं की तुझे भाऊजी गावभर ऑर्डरी आणत फिरणार. मग त्या यंत्रापाशी कोण उभं राहणार? मी! माझी कंबर काय म्हणते ते तुला माहितीये. मला गल्ल्यावरची खुर्ची पुरे. तू उभी राहा त्या ओट्याशी, म्हातारी होईपर्यंत राहा, मी तुला रोज चहा आणून देते."

धाकटीला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही अर्धवट.

"रडू नकोस, डोकं चालव. शेवटच्या घाण्यातलं कुणाकडे तरी उरलं असेल की नाही?"

"आठवडा झाला, ताई. चॉकलेट आहे, लोणचं नाही."

"खाणारे खातात. लपवणारे लपवतात." मोठीचे डोळे बारीक झाले. "समोरचे दातवाले डॉक्टर!"

दवाखाना रस्ता ओलांडला की वरच्या मजल्यावर. मोठी अर्ध्या तासाने परत आली ती धापा टाकत, मुठीत नाही, तर गार पाण्याच्या वाटीवर ठेवलेल्या बशीत तुकडा घेऊन.

"हत्यारांच्या कपाटात ठेवतात गं! सगळ्यात खालच्या कप्प्यात, थंडगार. म्हणतात, बायकोला सांगू नका, ती म्हणेल पेशंटला खाऊ नका सांगता आणि स्वतः खाता. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माझं गुपित ठेवा, मी तुमचं ठेवते."

"हा कोपरा?"

"चावलाय तेवढा. कापून टाक."

धाकटीने सुरीने तो कोपरा सरळ कापला. उरलेला तुकडा उजेडात धरला. चॉकलेट बिघडल्याची पांढरी झाक नाही, डाग नाही. तोच घाणा. तिने तो कागदावर ठेवला, झाकण लावलं. डब्यात तुकडा होता. पण तो मागे ठेवलेला नव्हता, मागून आणलेला होता.

•

थोरला तेव्हा चौकातून परत येत होता, टोपी भुवयांपर्यंत ओढून.

सकाळी तो डबा बघायला गेला होता. खरं सांगायचं तर त्याला वाटत होतं, आठवडाभरात विरजणावर पांढरी झाक आली असेल तर बरंच. मग तो शांतपणे म्हणू शकला असता, बघा अण्णा, यंत्र असतं तर ही चिंताच नसती. त्याने ते वाक्य आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. पण डबा उघडला आणि आत काहीच नाही! कारखान्यात धाकटी त्याच्याकडे पाठ करून भांड्याखालची आच लावत होती, आणि तिचे खांदे असे वर ओढलेले होते, जणू तिला कुणी मागून मारणार आहे.

तिच्याकडून चूक झाली, हे त्याला कळलं. आणि जिंकल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्याच्या डोळ्यांसमोर अण्णा आले. अण्णा डबा उघडणार. या वयात. तो डबा आगीतून आणणारा माणूस! त्यांना खुर्ची द्यायला हवी, पाणी जवळ ठेवायला हवं, डॉक्टर... दाताचा डॉक्टर काय कामाचा? नाही, नाही. यंत्र आणायचं ते यंत्राच्या जोरावर. रिकाम्या डब्याच्या जोरावर नाही.

म्हणून तो चौकातल्या मोठ्या चॉकलेटच्या दुकानात गेला होता. जन्मात पहिल्यांदा. गल्ल्यावरच्या मुलीने त्याला लगेच ओळखलं होतं.

"काका, तुम्ही? आमच्याकडे?"

"पाहुण्यांसाठी," तो म्हणाला, आणि मग ते किती वाईट ऐकू आलं हे त्याला कळलं.

आता तो थंड खोलीत शिरला. दिवा लावला नाही. विकत आणलेली वडी त्याने खिशातल्या खिशात मोडली होती. तेवढ्यात कारखान्यातून पावलं ऐकू आली. त्याने झाकण दोन बोटं उचललं, तुकडा आत सोडला, झाकण दाबलं, आणि धाकटी आत आली तेव्हा तो साखरेच्या पोत्याकडे असा बघत होता जणू पोतं त्याला काही सांगतंय.

"भाऊजी? काही हवंय?"

"मला? छे. तुला?"

"मलाही काही नको."

दोघंही तिथेच उभी राहिली. कुणीच आधी निघेना.

"डबा मी नेऊ का अण्णांकडे?" थोरल्याने विचारलं.

"नेते की मी," धाकटी म्हणाली.

शेवटी दोघांनी मिळून नेला. डबा हातात मावणारा, आणि धरणारी माणसं दोन! मोठीने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

•

भांड्यातलं चॉकलेट निवत आलं होतं. अण्णा ओट्यापाशी स्टुलावर बसले होते, धुतलेला सदरा, दाढी गुळगुळीत. थोरल्याने त्यांच्या डाव्या हाताला पाण्याचा पेला ठेवला होता, उजव्या हाताला दुसरा.

"मला काय आंघोळ घालायचीये का?" अण्णा म्हणाले.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. काल रात्री आली होती ती, लांबच्या गावाहून, फक्त आजच्यासाठी. अण्णांची एकुलती लेक. लग्न ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती, विरजणाचा तुकडा. "ते घराबाहेर जात नाही," एवढंच अण्णा तेव्हा बोलले होते. तिला भांडी मिळाली, कपाट मिळालं, घड्याळ मिळालं.

"तू का लांब उभी, चिमे? ये की पुढे," थोरला म्हणाला.

"इथूनच दिसतंय, दादा."

"घाम किती आलाय तुला."

"उकडतंय."

अण्णांनी भांड्यातून उलथणं उचललं, ऊब बघायला एक थेंब खालच्या ओठाला लावला आणि डोळे मिटले. मग त्यांनी मान हलवली. वेळ झाली होती. याच्यापुढे थांबलं तर चॉकलेट घट्ट होत जाणार, आणि मग सगळं पुन्हा वितळवा, पुन्हा निववा.

त्यांनी डबा मांडीवर घेतला. झाकण उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अरे," अण्णा म्हणाले. "विरजण व्यालं वाटतं."

त्यांनी एकेक करून दोन तुकडे ओट्यावर ठेवले.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. मोठीने धाकटीकडे. धाकटीने दोन्ही तुकड्यांकडे. एकाची कड सुरीने सरळ कापलेली, तो तिचा. दुसरा? दुसरा कुठून आला? आणि भिंतीपाशी आत्याचा हात कमरेकडे गेला, कारण तिथे खोचलेल्या रुमालात, पहाटे सगळं घर झोपलेलं असताना, तिने स्वतःच्या हाताने डब्यातून काढलेला तुकडा होता. डबा तिने रिकामा केला होता! मग हे दोन काय आहेत?

"दोन्ही टाकू या," अण्णा म्हणाले. "बाळंतपण मोठं झालंय, होऊ दे घाणाही मोठा." आणि त्यांनी हात पुढे केला.

धाकटीच्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहिलं. गप्प बसली तर दोन्ही तुकडे जातील, घाणा बसेल, टाळ्या वाजतील, ओटा कदाचित तिचाच होईल. आणि तो दुसरा, कुठला कोण जाणे, आजपासून रोजच्या प्रत्येक घाण्यात असेल. तो पुन्हा बाहेर काढता येणार नाही. आणि बोलली, तर ती विसरली हे सगळ्यांना कळेल. ओट्याजवळही कुणी उभं करणार नाही.

"थांबा, अण्णा."

हात थांबला.

"तो कापलेला आपला आहे. आपल्याच शेवटच्या घाण्यातला. पण डब्यातला नाही, समोरच्या डॉक्टरांकडून आणलाय. सकाळी डबा रिकामा होता. मी... मी मागे ठेवायला विसरले. आणि हा दुसरा कुठला ते मला माहीत नाही."

"तो चौकातला आहे," थोरला म्हणाला. टोपी नव्हती, तरी त्याचा हात कपाळाकडे गेला. "मी टाकला. मला वाटलं, रिकामा डबा बघून तुम्हाला काही झालं तर..."

"चौकातला?" अण्णांचा आवाज वर गेला. "चॉकलेटात मेण घालणाऱ्या त्या मेणबत्तीवाल्यांचा?"

"तुम्ही?" मोठी नवऱ्याकडे वळली. "तुम्ही त्या दुकानात गेलात?"

"आणि तू दवाखान्यात गेलीस, मला न सांगता?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर गावाला सांगितल्यासारखंच झालं असतं!"

"ती विसरली नव्हती."

हे आत्याने म्हटलं. इतक्या हळू की आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहिल्यावर कळलं. तिच्या कमरेपासून खाली, फिकट कपड्यावर, एक तपकिरी डाग हळूहळू पसरत होता. तिने रुमाल ओढून काढला. त्यात तुकडा नव्हता. चिखल होता.

"पहाटे घेतला, इथे येताना कमरेला खोचला," ती म्हणाली. "मला वाटलं, आज सगळ्यांसमोर मी काढीन आणि म्हणेन, मी टाकते. एकदा तरी मी टाकते. मला हात लावू दिला नाही कधी कुणी त्याला." तिने रुमालाकडे पाहिलं. "हा असा वितळतो... पुन्हा गोठवला तर?"

धाकटीने मान हलवली. "नाही, वन्सं. एकदा असा वितळला की त्याचं बसणं गेलं. मग ते नुसतं चॉकलेट."

"मला कुणी सांगितलंच नाही कधी," आत्या म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

धाकटीला तिचा राग यायला हवा होता. सकाळपासून जीव मुठीत धरून फिरत होती ती! पण आतून काहीतरी भलतंच वर आलं. मी विसरले नव्हते. मी ठेवला होता. माझ्या हातांनी मला फसवलं नव्हतं. तिने ओट्याची कड घट्ट धरली.

अण्णा कितीतरी वेळ लेकीच्या रुमालाकडे बघत राहिले. थोरल्याने पाण्याचा पेला उचलून पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"बोलून झालं असेल सगळ्यांचं," ते म्हणाले, "तर भांड्याकडे बघा. घट्ट होतंय."

मग ते स्टुलावरून उठले आणि बाजूला झाले. एवढंच. ओट्यापुढची जागा रिकामी झाली.

थोरल्याचा एक पाय पुढे आला. मोठीने त्याची बाही धरली. धाकटीने त्या जागेकडे पाहिलं, मग भांड्याकडे. कडेला साय धरल्यासारखं दाट व्हायला लागलं होतं. आता विचार करायला वेळच नव्हता, आणि तेच बरं झालं. तिने कापलेला तुकडा भांड्यात टाकला, उलथणं घेतलं आणि घोटायला सुरुवात केली. खालून वर, कडेकडेने, हवा न शिरू देता. तुकडा आधी तरंगला, मग कुशीवर वळला, लहान झाला, नाहीसा झाला. तिने अर्धं ओट्यावर ओतलं, पसरलं, गोळा केलं, परत भांड्यात. मग सुरीचं टोक बुडवून ओट्यावर आडवं ठेवलं.

आता वाट बघायची. पात्यावर चॉकलेट ओलं, काळं, दिव्याचा उजेड त्यात थरथरत होता. नीट बसलं तर तो उजेड स्थिर होईल. नाही बसलं तर पांढऱ्या रेघा उठतील, आणि मग या सगळ्या घराला, पणजीपासून, इथेच थांबावं लागेल. सहा माणसांचा स्वयंपाक होईल एवढ्या जागेत पाच माणसं एका सुरीवर वाकली होती. मोठी श्वास घेत नव्हती. थोरला ओठ हलवत होता. यंत्र मागणारा माणूस कशासाठी विनवत होता, कोण जाणे.

"रेघ आहे का ती?" आत्या कुजबुजली.

"केस आहे तुझा. मागे हो," थोरला म्हणाला.

कडेपासून ओल विझू लागली. हळू, फार हळू. मग टोकापर्यंत. उजेड थांबला. धाकटीने नखाने टिचकी मारली. टक्क.

"बसलं," अण्णा म्हणाले.

मोठीने इतक्या मोठ्याने श्वास सोडला की ओट्यावरचा मेणकागद उडाला. साचे पुढे सरकले, थोरल्याने बाह्या वर केल्या, कुणीतरी रडता रडता हसलं. धाकटीने सगळ्यात आधी मेणकागदावर दोन गोल ओतले. एक, आणि शेजारी दुसरा.

थोरल्याने ते पाहिलं. "दोन कशाला? डब्यात एकच जातो."

"एक डब्यात," धाकटी म्हणाली. "एक वन्संना."

"अगं, पण ते घराबाहेर... अण्णा, सांगा ना हिला."

अण्णा धाकटीकडे बघत होते. सगळेच बघत होते. तिचे कान तापले, तिने उलथणं ओट्यावर ठेवलं. पण नजर खाली घातली नाही.

"ओटा आता कुणाकडे आहे, भाऊजी?"

थोरल्याने पुढचा साचा तिच्याकडे सरकवला.

गोल घट्ट झाले. मग अण्णांनी खिशातून गोळ्यांची पत्र्याची डबी काढली, गोळ्या मोठ्या सुनेच्या तळहातावर ओतल्या आणि डबी सदऱ्याच्या टोकाने आतून पुसली, पुन्हा पुसली. धाकटीने कागदासकट तुकडा आत ठेवला. अण्णांनी झाकण लावलं, लेकीकडे न बघता डबी तिच्यापुढे धरली.

"गार जागेत," ते म्हणाले. घसा खाकरला. "कोरड्या. आणि पोरी, अंगाजवळ नको."

आत्याने डबी दोन्ही हातांनी घेतली. मग तिने दोन्ही हात पुढे लांब केले, कोपरात वाकू न देता, अंगापासून जितके दूर जातील तितके, आणि तशीच, डागाळलेल्या कपड्यांत, नव्या फरशीवरून एकेक पाऊल टाकत थंड खोलीकडे निघाली. दार उघडायला मोठी पुढे धावली.